तीन पंचमांशाचा हिशोब: अमेरिकेच्या घटनेत गुलामगिरी कुठे कुठे बसली आहे?

नदीकाठ

"अमेरिकेच्या घटनेनं काळ्या माणसाला तीन पंचमांश माणूस ठरवलं" हे वाक्य परवा दुसऱ्या एका धाग्यावर आलं, त्यावर बरीच भवति न भवति झाली. तिथला मूळ विषय बाजूला पडायला नको म्हणून हा वेगळा धागा काढतोय. वाक्यामागचा संताप रास्त आहे. पण त्यातून असा समज होतो की घटनाकारांनी गुलामाची मोजणी जरा कमी लावली, पूर्ण लावली असती तर बरं झालं असतं. हिशोब मांडून बघितला की नेमकं उलटं दिसतं. गुलामाला पूर्ण एक मोजा, असा आग्रह धरणारे गुलामांचे मालकच होते.

१७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात बंद दाराआड घटना लिहिली जात होती. ५५ प्रतिनिधी, त्यातले निम्म्याच्या आसपास स्वतः गुलाम बाळगणारे. प्रतिनिधीगृहात कुठल्या राज्याला किती जागा द्यायच्या हा कळीचा प्रश्न. लोकसंख्येनुसार द्यायच्या हे ठरलं, मग लोकसंख्येत कोणाला धरायचं यावर घोडं अडलं. दक्षिणेकडची राज्यं म्हणाली, आमचे गुलाम मोजा. उत्तरेकडचे म्हणाले, तुम्ही त्यांना माल समजता, विकता, गहाण टाकता, मग जागा मागताना ती माणसं कशी झाली? तीन पंचमांश हा आकडा १७८३ पासून पडून होता. तेव्हा राज्यांवर कराचा बोजा वाटायचा होता, आणि त्या वेळी दक्षिणेला गुलाम कमीत कमी मोजायला हवे होते. चार वर्षांनी जागा वाटायची वेळ आली तेव्हा बाजू पालटल्या. शेवटी तडजोड झाली ती याच आकड्यावर: जागा वाटताना पाच गुलामांमागे तीन डोकी धरायची.

आता व्हर्जिनिया आणि पेनसिल्व्हेनिया ही दोन राज्यं शेजारी ठेवा. १७९० ची पहिली जनगणना झाली तेव्हा व्हर्जिनियात स्वतंत्र माणसं सुमारे ४ लाख ५५ हजार, गुलाम सुमारे २ लाख ९२ हजार. पेनसिल्व्हेनियात स्वतंत्र माणसं सुमारे ४ लाख ३० हजार, गुलाम ४ हजारांच्या आत. म्हणजे स्वतंत्र लोकसंख्या जवळजवळ सारखी. १७९२ च्या कायद्यानं दर ३३ हजारांमागे एक जागा धरली. पेनसिल्व्हेनियाला मिळाल्या १३. व्हर्जिनियाला नुसत्या स्वतंत्र माणसांवर १३ च मिळाल्या असत्या, पण गुलामांचे तीन पंचमांश म्हणजे पावणेदोन लाख डोकी त्यात मिळवली आणि जागा झाल्या १९.

सहा जागा जास्त. आणि त्या ज्यांच्या नावावर मिळाल्या त्यांना मत नाही, कोर्टात उभं राहून गोऱ्याविरुद्ध साक्ष देता येत नाही, स्वतःच्या मुलावर हक्क नाही. गुलाम स्वतःसाठी शून्य होता आणि मालकासाठी तीन पंचमांश. हे तीन पंचमांशही मालकाच्याच पदरात पडत होते.

गोष्ट प्रतिनिधीगृहापुरती थांबली नाही. राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचकांची संख्या म्हणजे त्या राज्याचे प्रतिनिधी अधिक दोन सिनेटर. त्यामुळे तीच वाढीव डोकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीतही आली. पहिल्या ३६ वर्षांपैकी ३२ वर्षं अध्यक्ष व्हर्जिनियाचा होता: वॉशिंग्टन, जेफरसन, मॅडिसन, मन्रो. चौघंही गुलामांचे मालक. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अध्यक्ष नेमतो. म्हणजे कायदेमंडळ, अध्यक्ष, न्यायालय, तिन्हीकडे या कलमाचा हात पोचत होता. "सगळी माणसं समान निर्माण झाली आहेत" असं १७७६ साली लिहिणाऱ्या जेफरसननं आयुष्यभरात ६०० हून अधिक माणसं गुलाम म्हणून बाळगली. या विसंगतीवर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला तिच्याहून हे आकडे जास्त छळतात, कारण विसंगती एका माणसाच्या मनात असते आणि जागांचं वाटप सगळ्या देशाला लागू होतं.

गुलामगिरीचं दुसरं कलम (हा क्रम माझा, घटनेतला नव्हे) गुलामांच्या आयातीचं. १८०८ च्या आधी काँग्रेसनं ती बंद करायची नाही, फार तर डोक्यामागे १० डॉलरपर्यंत कर लावायचा. घटनादुरुस्ती कशी करायची ते सांगणारं पाचवं कलम आहे, त्यातही लिहून ठेवलं की १८०८ पर्यंत या कलमाला दुरुस्तीनंसुद्धा हात लावता येणार नाही. मूळ मसुद्यात ही मुदत १८०० पर्यंत होती, ती वाढवून घेतली. "गुलामांच्या आयातीपासून जेवढा म्हणून अनर्थ होऊ शकतो तो सगळा व्हायला वीस वर्षं पुरतील," अशा अर्थाचं मॅडिसन तिथंच बोलला होता. साउथ कॅरोलायनानं १८०३ ते १८०७ या शेवटच्या वर्षांत चार्ल्स्टन बंदर या व्यापाराला पुन्हा उघडलं आणि सुमारे ४० हजार आफ्रिकी माणसं उतरवून घेतली.

तिसरं कलम पळून गेलेल्यांचं. गुलाम एका राज्यातून निसटून दुसऱ्या राज्यात गेला तर तिथल्या कायद्यानं तो मुक्त होणार नाही, मालकानं मागितला की परत द्यायचा. साउथ कॅरोलायनाच्या पिअर्स बटलरनं हे आणलं आणि ते विरोधाविना मंजूर झालं. मला तिन्हींत हे सर्वांत क्रूर वाटतं, कारण यामुळे देशात कुठेही पाय ठेवायला मोकळी जमीन उरली नाही.

गव्हर्नर मॉरिस या पेनसिल्व्हेनियाच्या प्रतिनिधीनं ८ ऑगस्टला भर सभेत विचारलं होतं: ही माणसं आहेत का? मग त्यांना नागरिक करा आणि मत द्या. ती मालमत्ता आहे का? मग दुसरी कुठलीच मालमत्ता जागांसाठी का मोजत नाही? (गव्हर्नर हे त्याचं नावच, हुद्दा नव्हे.) मतदान झालं आणि तो हरला. हे सगळं आपल्याला कळतं ते मॅडिसननं रोज लिहून ठेवलेल्या टिपणांमुळे.

माझं म्हणणं एवढंच की गुलामगिरी हा त्या घटनेवरचा डाग नव्हता, ती सत्तावाटपाच्या यंत्रात बसवलेली होती. इतरांचं काय मत आहे ते वाचायला आवडेल.

वऱ्हाडी

लेख आवडला, व्हर्जिनियाचं गणित मी वही घेऊन करून बघितलं, बरोबर येतं. एक शंका. उत्तरेकडच्या राज्यांनी हे मान्य का केलं? त्यांचं संख्याबळ काही कमी नव्हतं.

नदीकाठ

वऱ्हाडी, संख्याबळ होतं, पण त्यांनाही काहीतरी हवं होतं. जहाज वाहतूक आणि व्यापाराचे कायदे काँग्रेसला साध्या बहुमतानं करता यावेत ही न्यू इंग्लंडच्या, म्हणजे ईशान्येकडच्या राज्यांतल्या, व्यापाऱ्यांची मागणी होती, दक्षिणेला त्यासाठी दोन तृतीयांश बहुमत हवं होतं. ऑगस्टच्या शेवटी सौदा झाला: साधं बहुमत घ्या, १८०८ द्या. शिवाय उत्तरेचे हात स्वच्छ होते असं समजू नका. ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्ट आणि ब्रिस्टल बंदरांतून गुलाम आणणारी जहाजं सुटत. उलट व्हर्जिनियाचा जॉर्ज मेसन, स्वतः मोठा गुलाममालक, या व्यापाराविरुद्ध कडक बोलला आणि शेवटी त्यानं घटनेवर सही केली नाही. अर्थात त्याच्या राज्यात गुलाम गरजेपेक्षा जास्त होते आणि आयात थांबली तर त्यांची किंमत वाढणार होती, हेही लक्षात ठेवावं लागतं.

मोगरा

मी फिलाडेल्फियाजवळ राहते, म्हणून तिसऱ्या कलमाबद्दल लिहिते. पाहुणे आले की सगळे लिबर्टी बेल, स्वातंत्र्याचं प्रतीक मानली जाणारी घंटा, बघायला जातात. त्याच्या अगदी शेजारी, वॉशिंग्टन अध्यक्ष असताना ज्या घरात राहायचा त्या घराची जागा आहे. तिथं भिंतीवर नऊ नावं कोरलेली आहेत, त्या घरात राबणाऱ्या नऊ गुलामांची. त्यातलं एक ओना जज.

पेनसिल्व्हेनियाचा १७८० चा कायदा असा होता की बाहेरच्या राज्यातल्या मालकानं गुलाम इथं सलग सहा महिने ठेवला तर तो गुलाम मुक्त होण्याचा हक्क मागू शकतो. वॉशिंग्टन काय करायचा, तर सहा महिने भरत आले की आपल्या गुलामांना थोडे दिवस राज्याबाहेर पाठवायचा, म्हणजे मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आणि हे का चाललंय ते त्यांना किंवा लोकांना कळू नये अशी सूचना त्यानं आपल्या सचिवाला पत्रातून दिली होती. देशाचा पहिला अध्यक्ष!

मे १७९६ मध्ये ओना पळाली. मार्था वॉशिंग्टनच्या नातीला तिला लग्नात देऊन टाकायचं ठरलं होतं. घरातली मंडळी जेवायला बसलेली असताना ती बाहेर पडली आणि जहाजानं न्यू हॅम्पशायरमध्ये पोर्ट्समथला पोचली. वर्तमानपत्रात जाहिरात आली, १० डॉलर बक्षीस. तिच्यात तिच्या चेहऱ्यावरचे ठिपके, काळेभोर डोळे, दाट केस यांचं वर्णन आहे, आणि पुढे लिहिलंय की तिला पळून जायला काहीच कारण नव्हतं. हे वाक्य मी जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा अंगावर काटा येतो. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

वॉशिंग्टननं पोर्ट्समथच्या कस्टम अधिकाऱ्याला मध्ये घालून तिला परत आणायचा प्रयत्न केला, ती आली नाही. तिनं लग्न केलं, तिला मुलं झाली. आणि व्हर्जिनियाच्या १६६२ च्या कायद्यानुसार मूल आईच्या स्थितीचं, त्यामुळे न्यू हॅम्पशायरमध्ये मोकळ्या हवेत जन्मलेली ती मुलंही कायद्यानं मालकाचीच. १८४८ साली ती वारली तेव्हाही कायद्याच्या लेखी ती फरारीच होती.

कोकणकन्या

मोगराताई, हे मला अजिबात माहीत नव्हतं. लिबर्टी बेलचे फोटो किती जणांनी पाठवलेत, ही भिंत एकाही फोटोत नव्हती.

सह्यकडा

नदीकाठ, मांडणी अभ्यासपूर्ण आहे, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही. घटनाकारांना १७८७ मध्ये जे शक्य होतं तेच ते करू शकत होते. साउथ कॅरोलायना आणि जॉर्जिया बाहेर पडायला तयार होते. ते बाहेर पडले असते तर त्यांच्यावर दबाव आणणारं कोणतंच संघराज्य उरलं नसतं आणि गुलामगिरी तिथं आणखी निर्धास्त टिकली असती.

दुसरं, घटनेत माणसावर मालकी असू शकते असं कुठेही उघड शब्दांत लिहिलेलं नाही. ते येऊ नये म्हणून मॅडिसननं मुद्दाम काळजी घेतली. त्याच उन्हाळ्यात नॉर्थवेस्ट ऑर्डिनन्स मंजूर झाला आणि ओहायो नदीच्या वायव्येच्या सगळ्या प्रदेशात गुलामगिरीला बंदी झाली. आणि १८०८ उजाडताच, १ जानेवारीला, आयातबंदी लागू झाली, एक दिवसही उशीर झाला नाही.

तिसरं आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं. फ्रेडरिक डग्लस स्वतः गुलामीतून पळालेला माणूस. त्यानं १८५१ नंतर जाहीरपणे सांगितलं की ही घटना गुलामगिरीच्या बाजूची नाही, ती गुलामगिरीविरुद्ध वापरता येते. त्याच्याहून आपल्याला जास्त कळतं असं मी तरी म्हणणार नाही.

नदीकाठ

सह्यकडा, डग्लसचा मुद्दा तुम्ही आणलात ते बरं केलंत, कारण तो टाळून ही चर्चा पुरी होत नाही. पण डग्लसच्या शेजारी विल्यम लॉइड गॅरिसन हा गुलामगिरीविरोधी चळवळीतला संपादकही उभा करायला हवा. १८५० च्या पळपुट्या गुलामांच्या कायद्यानं आयुक्तापुढे सुनावणी व्हायची, ज्यूरी नाही, आरोपीला स्वतःची साक्ष देता येत नाही. माणूस गुलाम ठरवून परत पाठवला तर आयुक्ताला १० डॉलर फी, सोडून दिला तर ५. १८५४ मध्ये बॉस्टनमध्ये अँथनी बर्न्सला पकडलं, लोक रस्त्यावर उतरले, तरी सैन्याच्या पहाऱ्यात त्याला बंदरावर नेऊन व्हर्जिनियाला परत पाठवलं. त्यानंतर काही आठवड्यांनी, ४ जुलैला, गॅरिसननं फ्रॅमिंगहॅमच्या सभेत घटनेची प्रत जाळली. त्याचं म्हणणं, हा मृत्यूशी केलेला करार आहे. डग्लस आधी त्याच्याच मताचा होता.

डग्लसनं मत बदललं ते मी असं समजतो: घटना फेकून दिली तर दक्षिणेतल्या लाखो गुलामांना सोडून देऊन उत्तर वेगळी होईल, त्यात त्यांचा काय फायदा? म्हणून त्यानं मजकुरातला प्रत्येक मोकळा कोपरा लढाईसाठी वापरला. शस्त्र म्हणून ते वाचन अजोड आहे. पण १७९० ते १८६० या काळात ते यंत्र प्रत्यक्ष कोणाच्या बाजूनं चाललं, हा प्रश्न वेगळा. १७९० मध्ये गुलाम सुमारे ७ लाख होते, १८६० मध्ये ३९ लाख ५० हजारांवर. आयातबंदी असूनही. व्हर्जिनिया, मेरीलँडकडची माणसं बायकामुलांपासून तोडून मिसिसिपी, अलाबामा, लुइझियानाच्या कापसाच्या मळ्यांना विकली जात होती. हा अंतर्गत व्यापार थांबवायला काँग्रेसमध्ये कधी बहुमत झालं नाही, आणि त्या बहुमताच्या हिशोबात तीन पंचमांश होतेच.

संघराज्य मोडलं असतं तर काय झालं असतं, यावर माझ्याकडेही ठाम उत्तर नाही. पण तडजोड अपरिहार्य होती असं म्हणताना तिची किंमत कोणी मोजली तेही त्याच दमात सांगायला हवं. ती किंमत मोजणाऱ्यांपैकी एकालाही त्या सभेत बोलायला जागा नव्हती.

सह्यकडा

शेवटच्या परिच्छेदाशी सहमत. आधीच्या मुद्द्यावर माझं मत कायम आहे: डग्लसला वापरता येतील असे कोपरे त्या मजकुरात शिल्लक राहिले, हे आपोआप झालेलं नाही. कोणीतरी ते राखले.

जास्वंद

कायद्याच्या अंगानं थोडी भर. सह्यकडा म्हणतात ते कोपरे १८५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जवळजवळ बुजवले. ड्रेड स्कॉट या गुलामानं स्वतःच्या सुटकेसाठी लढवलेला खटला. सरन्यायाधीश टॉनीनं लिहिलं की आफ्रिकी वंशाची माणसं, स्वतंत्र असोत की गुलाम, या घटनेनुसार नागरिक होऊच शकत नाहीत, आणि गोऱ्यानं मान राखावा असे कुठलेच हक्क घटनाकारांच्या काळी त्यांना नव्हते. सात विरुद्ध दोन. न्यायमूर्ती कर्टिसचा विरोधी निकाल मुळातून वाचण्यासारखा आहे. घटना मंजूर होत होती तेव्हा न्यू हॅम्पशायर, मॅसॅच्युसेट्स, न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि नॉर्थ कॅरोलायना या पाच राज्यांत स्वतंत्र काळ्या पुरुषांना मताचा हक्क होता, असं त्यानं दाखवून दिलं. म्हणजे "आम्ही लोक" म्हणून जी घटना मंजूर झाली, ती मंजूर करणाऱ्यांत तेही होते. टॉनीचा इतिहासच खोटा ठरतो.

नंतर यादवी युद्ध, आणि मग तीन दुरुस्त्या: तेरावी १८६५, चौदावी १८६८, पंधरावी १८७०. माझ्या मते अमेरिकेची दुसरी स्थापना तिथं झाली. जन्मानं नागरिकत्व, कायद्याचं समान संरक्षण, मतदानात वर्णभेदाला बंदी, हे सगळं तिथलं आहे, १७८७ चं नाही. पण तेराव्या दुरुस्तीतही एक फट आहे: गुन्ह्याची शिक्षा म्हणून असेल तर सक्तीचं दास्य चालतं. दक्षिणेनं ती फट ताबडतोब वापरली. मिसिसिपीच्या १८६५ च्या कायद्यानुसार काळ्या माणसानं दर जानेवारीत कामावर असल्याचा लेखी पुरावा दाखवायचा. नाही दाखवला तर तो भटक्या, भटक्या म्हणून दंड, दंड भरता आला नाही तर जो भरेल त्याच्याकडे मजुरी. पुढे कैदी भाड्यानं द्यायची पद्धत आली, खाणींना, रेल्वेच्या कामाला, मळ्यांना. अलाबामात ती १९२८ पर्यंत चालली.

वऱ्हाडी

जास्वंदताई, यादवी युद्ध आलंच आहे तर आमच्याकडची गोष्ट सांगतो. लँकेशायरच्या गिरण्यांचा बहुतांश कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून, गुलामांच्या हातून जायचा. युद्धात उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली आणि इंग्रजांना हिंदुस्थानचा कापूस आठवला. १८६१ ते १८६५ या काळात वऱ्हाड, खानदेश, गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत शेअरचा धुमाकूळ, बँका निघाल्या, समुद्र हटवायच्या कंपन्या निघाल्या. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळला आणि मुंबई पार बुडाली. खामगाव, अमरावतीची कापूस बाजारपेठ म्हणून जी भरभराट झाली तिच्यात या काळाचा मोठा वाटा आहे. तिकडच्या गुलामगिरीच्या लढाईचे पैसे आमच्या बाजारात खुळखुळले. शाळेत आम्हाला मुंबईची भरभराट शिकवली, ती कोणाच्या मानेवरचं जू निघत असताना झाली ते कोणी सांगितलं नाही.

कोकणकन्या

मग महात्मा फुल्यांनी "गुलामगिरी" अमेरिकेच्या लोकांना अर्पण केली ती याच काळात ना?

वऱ्हाडी

हो, १८७३. युनायटेड स्टेट्समधल्या सदाचारी लोकांनी निग्रो लोकांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी जे औदार्य, निरपेक्षता दाखवली त्याबद्दल सन्मान म्हणून, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्र बांधवांना सोडवताना त्यांचा कित्ता घ्यावा या इच्छेनं. पुण्यात बसून जोतीरावांनी ती लढाई किती बारकाईनं पाहिली असेल! तेराव्या दुरुस्तीला तेव्हा जेमतेम आठ वर्षं झाली होती.

जास्वंद

आणि त्याच १८७३ च्या एप्रिलमध्ये लुइझियानात कोलफॅक्सला निवडणुकीच्या वादातून गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीनं काळ्या माणसांची कत्तल केली. त्या खटल्यातल्या शिक्षा सर्वोच्च न्यायालयानं १८७६ मध्ये रद्द केल्या, आणि १८७७ मध्ये दक्षिणेतून केंद्राचं सैन्य निघालं. फुल्यांनी ज्या लोकांना पुस्तक अर्पण केलं ते लोक चार वर्षांत मागे हटले. पण म्हणून काही अर्पणपत्रिकेचं मोल मला कमी वाटत नाही. ज्यांनी जीव दिला होता त्यांना ते अर्पण होतं.

मोगरा

इथं आम्हा देशी लोकांनी वाचायलाच हवी अशी एक गोष्ट राहिली, नागरिकत्वाची. १७९० मध्ये पहिल्याच काँग्रेसनं कायदा केला: परदेशी माणसाला नागरिक व्हायचं तर तो "स्वतंत्र गोरा" हवा. १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांना त्यात घेतलं, आशियाई लोक बाहेरच राहिले. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. ते पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. त्यांचे वकील सखाराम गणेश पंडित, ते स्वतः १९१४ मध्ये अमेरिकी नागरिक झालेले. मांडणी अशी की उत्तर हिंदुस्थानातला उच्च जातीचा माणूस आर्य, म्हणून कॉकेशियन, म्हणून गोरा. तीनच महिने आधी ओझावा या जपानी माणसाच्या खटल्यात याच न्यायालयानं गोरा म्हणजे कॉकेशियन असं म्हटलं होतं. थिंड यांच्या वेळी म्हणाले, शास्त्र काय म्हणतं ते जाऊ द्या, सामान्य माणूस गोरा कोणाला समजतो ते महत्त्वाचं.

निकालानंतर आधीच नागरिक झालेल्या हिंदुस्थानी लोकांचं नागरिकत्व काढून घ्यायला सुरुवात झाली. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णो दास बगाई यांचंही गेलं, १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. पंडितांनी मात्र स्वतःचा खटला लढवला आणि नागरिकत्व राखलं. १९४६ मध्ये आपल्याला दार उघडलं ते वर्षाला १०० माणसांपुरतं, आणि नागरिकत्वाच्या कायद्यातून वंशाची अट पूर्ण गेली १९५२ मध्ये. आज ग्रीन कार्डच्या रांगेबद्दल आपण पोटतिडकीनं बोलतो, बोलावंच. पण १९६५ चा इमिग्रेशनचा जो कायदा आपल्यातल्या बहुतेकांना इथं घेऊन आला, तो ज्या नागरी हक्कांच्या लढ्यामुळे शक्य झाला त्यात मार कोणी खाल्ला ते विसरून चालणार नाही.

पारंब्या

मोगरा, थिंड खटल्यातला तो युक्तिवाद मला वाचवत नाही. आम्ही उच्च जातीचे आहोत, खालच्यांत आम्ही मिसळत नाही, म्हणून आम्हाला गोऱ्यांत घ्या. समानता मागायला गेले आणि पुरावा म्हणून जात घेऊन गेले. कायदाच तसा होता, दुसरी वाट नव्हती असं कोणी म्हणेल. तरी ते टोचतं.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबियात होते. जुलै १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहिलं: अस्पृश्यांची स्थिती आणि अमेरिकेतल्या निग्रोंची स्थिती यांत इतकं साम्य आहे की त्याचा अभ्यास नुसता स्वाभाविक नाही, आवश्यक आहे. संयुक्त राष्ट्रांकडे निग्रो लोक अर्ज करत आहेत असं कळलं, त्याच्या प्रती मिळतील का, अशी विचारणा त्यात आहे. द्यू बॉइस यांचं त्याच महिन्यात उत्तर आलं. पुढच्या काही महिन्यांत आपली घटना समिती बसली. अमेरिकेत गुलामगिरी संपवणारी दुरुस्ती यायला घटनेनंतर ७८ वर्षं आणि एक युद्ध लागलं. आपल्याकडे सतराव्या कलमानं अस्पृश्यता आणि तेविसाव्यानं वेठबिगारी पहिल्याच दिवशी बंद झाली, कायद्यात तरी. कारण मसुदा समितीच्या अध्यक्षपदी बसलेल्या माणसानं ते सगळं स्वतः भोगलं होतं. फिलाडेल्फियाच्या त्या सभेत असा एकही माणूस नव्हता.

सह्यकडा

पारंब्या, हा फरक मान्य. माझ्या म्हणण्यात हा मुद्दा नव्हता.

कोकणकन्या

एक बाळबोध प्रश्न विचारते. गुलामगिरी गेल्यावर त्या तीन पंचमांशाचं काय झालं? कलम खोडलं का?

नदीकाठ

बाळबोध मुळीच नाही, आणि उत्तर माझ्या मूळ लेखात यायला हवं असं आहे. अमेरिकेत जुना मजकूर खोडत नाहीत, दुरुस्त्या शेवटी जोडतात. त्यामुळे आजही घटनेची प्रत उघडली की पहिल्या कलमात ते वाक्य छापलेलं असतं.

गणिताचं म्हणाल तर तेराव्या दुरुस्तीनंतर मुक्त झालेले लोक पूर्ण एक मोजले जाऊ लागले. म्हणजे युद्ध हरलेल्या दक्षिणेच्या जागा वाढणार होत्या! हे ओळखूनच चौदाव्या दुरुस्तीच्या दुसऱ्या परिच्छेदात तरतूद केली की जे राज्य प्रौढ पुरुषांचं मत नाकारेल त्याच्या जागा त्या प्रमाणात कापायच्या. ही तरतूद एकदाही वापरली गेली नाही. मिसिसिपीनं १८९० मध्ये नवी राज्यघटना करून मतदानकर आणि वाचनपरीक्षा आणल्या, बाकीची राज्यं मागोमाग गेली. लुइझियानात १८९६ साली १ लाख ३० हजारांवर काळ्या मतदारांची नोंद होती, १९०४ साली उरले १,३४२. मत एकालाही द्यायचं नाही आणि जागा मात्र सगळ्यांच्या घ्यायच्या. आधी तीन पंचमांश मिळत होते, आता पाच पंचमांश मिळू लागले, आणि हे १९६५ च्या मतदान हक्क कायद्यापर्यंत चाललं.

त्या दुसऱ्या परिच्छेदाची अंमलबजावणी व्हावी म्हणून काँग्रेसमध्ये झालेल्या प्रयत्नांबद्दल जास्वंदताई लिहू शकतील का? कायद्याची बाजू त्या माझ्यापेक्षा नीट सांगतील.

जास्वंद

लिहिते, रविवारपर्यंत वेळ द्या. त्याला वेगळा प्रतिसाद लागेल.